बाबा, बॅटरी बदलण्याआधी

पुणे

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, 'गाडी सारखी बंद पडते, नवीच बॅटरी टाकतो, कटकट मिटेल.' आत्ताची घेऊन वर्षही झालेलं नाही. फोनवर तुम्ही 'हां हां, बघतो की' म्हणून विषय संपवता, म्हणून लिहून पाठवते आहे.

मला शंका आली ती आईच्या बोलण्यावरून. अक्कलकोटहून अंधारात येताना डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र मंद पेटलेलं होतं, आणि सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडायचे, रेस दिली की उजळायचे. आई, तू नेमकं पकडलंस. गाडी चालू असताना दिव्यांना वीज पुरवायची आणि बॅटरी भरायची ती अल्टरनेटरनं, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज करणाऱ्या यंत्रानं. मिस्त्री त्यालाच डायनामो म्हणतात. तोच कमी पडला की बॅटरी रोज थोडी थोडी उतरते. दुकानातली नवी बॅटरी भरलेली असते, त्यामुळे काही दिवस सेल्फ झकास लागतो. मग पुन्हा शेजारच्या पोरांना धक्का मारायला बोलवा! सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर, त्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात हे खरंच. पण या वेळी उन्हाला दोष देऊ नका.

इंजिन थंड असताना, किल्ली काढून, आधी तो बेल्ट बघा. दोन पुल्यांच्या मधे अंगठ्यानं दाबला तर साधारण १० मिलिमीटर दबावा. त्याहून ढिला असेल, चिरा पडल्या असतील, आतली बाजू गुळगुळीत चकचकीत झाली असेल, तर तो घसरतोय. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडतात त्या टोकांवर, पांढरी-हिरवी पूड साठली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं साफ करा. तारा काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

मग माझ्या कपाटातला व्होल्ट मोजायचा पिवळा मल्टीमीटर घ्या, डीसी २० वर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, सेल्फ मारायच्या आधी, बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. आता बाबा गाडी चालू करतील आणि आई, मीटर तू बघ. मात्र पदर घट्ट खोचून, पंख्यापासून लांब उभी राहा. तो मधेच आपोआप फिरायला लागतो. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही तो १३ च्या खाली जाता कामा नये. १२ वरच अडून हळूहळू घसरत असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर उलटा घोटाळा, अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. मग बॅटरीचं पाणी उकळून आटतं.

चार्जिंग नसलं तरी अख्खा अल्टरनेटर लगेच बदलू नका. वायरमनला सांगा, गाडी चालू ठेवून अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर व्होल्ट मोजा. तिथे १४ आणि बॅटरीवर १२.५ आले तर मधली तार किंवा तिचा फ्यूज खराब आहे, अल्टरनेटर ठीक आहे. तिथेही कमीच आले तर आधी कार्बन (आतले घासून झिजणारे ब्रश) आणि रेग्युलेटर तपासायला लावा. जुन्या गाडीत कार्बन झिजणं अगदी नेहमीचं, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. हे तुम्ही घरी करू नका, त्या बोल्टला कायम करंट असतो. पाना चुकून इंजिनला टेकला तर ठिणगी उडते.

आणि एक. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार उपटायची, गाडी बंद पडली तर 'डायनामो गेला' म्हणायचं, ही जुन्या मिस्त्र्यांची पद्धत. कितीही ओळखीचा असला तरी हे करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं. अल्टरनेटरमधले डायोड आणि इंजिन सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर (ईसीएम), दोन्ही जाऊ शकतात. बाबा, इथे भिडस्तपणा नको.

तोवर गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला एसटीनं जा. आई, मीटरचे आकडे तूच लिहून फोटो पाठव. बाबा १३.१ ला 'चौदाच की' म्हणतील.

शेंगाचटणी संपत आली आहे.

तुमची लेक