कागद नसलेल्या विद्यार्थ्याकडून बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

मोडी ही जुन्या कागदांची लिपी शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'बरं बरं, पुढची ओळ वाचा' म्हणता. म्हणून हे उघड पत्र. तेही बाळबोधीत, म्हणजे रोजच्या देवनागरीत, चारचौघांना वाचता यावं म्हणून.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीन शॉपमधनं रिटायर झालो तेव्हा ज्याला त्याला माझ्या वेळेची काळजी. सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारा, संध्याकाळी नातवंडं सांभाळा. दोन्ही केलं. तरी दुपार उरायचीच, आणि रिकामी दुपार लई लांब असते. असाच मंगळवार पेठेतनं जाताना तुमच्या दारावरची 'मोडी शिकवली जाईल' ही पाटी दिसली आणि जिना चढलो.

माडीवर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात कागद होता. कुणाचा जमिनीचा, कुणाचा वाटणीचा, कुणाचा देवस्थानाच्या मानाचा. (पुढं २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा तर चपला जिन्यापर्यंत लागल्या. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला.) तुम्ही विचारलंत, 'तुमचा कागद कुठाय?' मी म्हटलं, 'माझ्याकडं कागद न्हाई. नुसतं शिकायचंय.' तुम्ही चष्म्यावरनं बघितलंत आणि म्हणालात, 'मग तुम्ही पुढं बसा.'

घरी मात्र वेगळं स्वागत. आमची ही म्हणाली, 'आता ह्या वयात शिकून मामलेदार हुणार हाईसा व्हय?'

बाई, पहिले आभार मानायचे ते तुम्ही वयाची सवलत दिली नाहीत याचे. म्हातारा माणूस काही शिकायला लागला की लोक लगेच 'वा वा, कमाल आहे' म्हणतात आणि चूक दाखवायची सोडून देतात. तुम्ही माझ्या वहीवर कॉलेजच्या पोरांइतकीच लाल शाई सांडलीत. उभं आयुष्य लेथवर गेलेल्या माणसाला हे बरं वाटतं. जॉब मापात आहे की नाही ते मायक्रोमीटर सांगतो, तो कामगाराचं वय विचारत नाही.

बोरू, म्हणजे मोडी लिहायची वेताची लेखणी, तासायची विद्या तर मला लगेच आवडली. टोकाला तिरका काप द्यायचा. काप जरा जास्त तिरका झाला की उभी रेघ जाडी आणि आडवी भुरकट. लेथचं टूल ग्राइंडरवर धरताना कोन बघायची सवय असलेल्या हाताला हे काही परकं नव्हतं. अवघड गेली ती वरची ओळ. पानभर आधी आडवी रेघ मारायची आणि अक्षरं तिला लटकवत न्यायची, हात शक्यतो न उचलता, दोन शब्दांत जागा न सोडता. मी फूटपट्टी काढली तर तुम्ही ती काढून घेतलीत.

आणि त्या तारखा! 'सलास अशरीन मया व अलफ' हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कुणाचं नाव वाटलं. तुम्ही उलगडून दाखवलंत: तीन, वीस, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११२३, जुन्या मोडी कागदांवर असायचा तो सन. त्यात ५९९ मिळवले की १७२२. पण हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे आणि १७२३ धरायचं. त्या रात्री मी अंथरुणात पडून आमच्या घरातल्या सगळ्यांची जन्मसालं शुहूर सनात काढली. उपयोग शून्य. मजा मात्र आली.

खरी गोष्ट पुढंच आहे. तुम्ही सांगितलंत, रोज एक पान मोडीत लिहून आणा, काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस मी. शुद्धलेखनाची धास्ती इतकी, की रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचो. पण मोडीत ह्रस्व-दीर्घाची भानगडच नाही, एका वेलांटीवर आणि एका उकारावर काम भागतं. तिथं माझी भीती गेली. वर घरात कुणाला मोडी वाचता येत नाही हे ध्यानात आलं आणि हात जो सुटला तो सुटलाच. बिडाचा जॉब लागला की रुमालावर काळा शेंबूड कसा यायचा, ते लिहिलं. गुऱ्हाळाच्या चरकाचे रोल घेऊन आलेला शेतकरी काम होईपर्यंत मशीनशेजारीच भाकरी सोडून बसायचा, ते लिहिलं. ओव्हरटाइम बुडवणाऱ्या एका मालकाबद्दल तर दोन पानं मनसोक्त लिहिलं.

तुम्ही ते सगळं वाचलंत आणि इतकंच म्हणालात, 'आता हे बाळबोधीत उतरवा. शुद्ध मागनं करू.' पुढं तुमच्याच आग्रहानं करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद झालो. १८५० सालापासूनचं ते वाचनालय भवानी मंडपाजवळ आहे. मी आयुष्यभर त्याच्यासमोरनं सायकल मारत गेलो, आत मात्र तुम्ही धाडल्यावर गेलो. आता आठवड्याला एक पुस्तक आणि रोज एक पान असं चाललंय. छापायचं नाही, स्पर्धेला धाडायचं नाही. लोक विचारतात, 'मग लिहितोस कशाला?' मी म्हणतो, 'तुम्ही पत्ते कुटता ते कशाला?'

तर बाई, मनापासून आभार. आणि जाता जाता एक विनंती. आमच्या हिनं परवा तुमच्या क्लासची वेळ विचारून घेतली. 'मलाबी शिकायचंय' म्हणते. रोज वहीत एवढं काय लिहितोय त्याचा तिला संशय आलाय. लई हुशार आहे, महिन्याभरात वाचायला लागेल. तिला जरूर शिकवा, पण दिवाळीनंतर घ्या. तोवर मला काही पानं दुसरीकडं हलवायची आहेत.

आपला विद्यार्थी,
पुढच्या रांगेतला