ॲप उघडत नसलेल्या सभासदांसाठी सूचना

जुळे सोलापूरमधल्या आपल्या सर्व सभासदांना नमस्कार. परवाच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांचं मेसेजचं ॲप लॉगिनलाच अडतंय. पाणी येण्याची वेळ आपण ग्रुपवरच टाकतो, त्यामुळे शेजारी हा निरोप तोंडी सांगाच.

ॲप काढून पुन्हा टाकायची घाई कृपया करू नका. बॅकअप नसेल तर जुने मेसेज, नातवंडांचे फोटो जातात. आधी फोनची तारीख बघा. बी विंगमधल्या काकूंच्या फोनवर मागच्या वर्षाची तारीख होती. सेटिंगमध्ये ‘आपोआप’ केल्याबरोबर ॲप सुरू झालं. तारीख चुकीची असली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र फोन मान्य करत नाही. मग ॲप स्टोअरमध्ये नवं अपडेट आलंय का बघा आणि फोन एकदा बंद-चालू करा.

लॉगिनसाठी मेसेजने येणारा कोड (ओटीपी) येत नसेल तर सारखं बटण दाबू नका, थांबायची वेळ वाढत जाते. ज्या नंबरवर ॲप आहे, त्याचं सिम चालू हवं.

आणि हात जोडून सांगतो, कोड कुणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

रविवारी सकाळी १० ते १२ मी सोसायटीच्या ऑफिसात आहे. फोन आणि चार्जर घेऊन या.

– सचिव