ओरेगन केव्हज सहल : निघण्यापूर्वी वाचा

सदस्यहो, शनिवारी आपण अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या ओरेगन केव्हजला जात आहोत. १८७४ मध्ये सापडलेली, १९०९ पासून राष्ट्रीय स्मारक असलेली ही गुहा संगमरवरात कोरली गेली आहे, तीही पाण्याने! भिंतींवरच्या पांढऱ्या-करड्या छटा डोळे भरून पाहा, पण कृपया हात लावू नका. त्वचेचं तेल लागलं की डाग पडतो आणि त्यावर खनिजाचे नवे थर धरत नाहीत.

आत बाराही महिने जेमतेम ७ अंश सेल्सिअस असतं. स्वेटर आणि पकड असलेले बूट हवेतच. पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, काही ठिकाणी वाकून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या काका-मावशींनी आधी विचार करावा. १०७ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना फेरीत घेत नाहीत. दुसऱ्या गुहेत वापरलेले कपडे-बूट आणू नका, त्यांना चिकटून येणाऱ्या बुरशीमुळे वटवाघळांना जीवघेणा आजार होतो.