जमिनीवरचा एक तास आम्हाला परत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लालबागला आमच्या चाळीशेजारच्या हॉलमध्ये रोज सकाळी साडेसहाला आम्हा अकरा बायकांचा वर्ग भरायचा. बॅले आणि योग एकत्र करून बसवलेला, पूर्णपणे जमिनीवरचा व्यायाम. गणपतीनंतर हॉलच्या समितीने तो बंद केला. कारण सांगितलं, हॉल कार्यांसाठी लागतो. साडेसहाला तिथे मांडववालाही आलेला नसतो.

मी ब्लाउज शिवते. ३३ वर्षं पायमशीन चालवून माझा उजवा खुबा आखडला आहे. पहिल्या दिवशी वर्ग घेणाऱ्या ताईंनी पाठीवर झोपून, टाचा जुळवून पाय बाहेर वळवायला सांगितले. डावा वळला, उजवा मध्येच अडला. त्यांनी जोर केला नाही. म्हणाल्या, "खुब्यातून जाईल तेवढाच जाऊ दे. गुडघ्याची वाटी आणि पायाचं दुसरं बोट एकाच दिशेला हवं." मांडीचं हाड खोबणीत कसं बसलं आहे, त्यावर पाय किती वळणार हे बरंचसं ठरतं. उभं राहिलं की पावलं जमिनीला रोवून गुडघा पिळता येतो आणि पाय वळल्यासारखा दिसतो. झोपल्यावर ती चोरी चालत नाही. याआधी दुसऱ्या एका वर्गात भद्रासनात, म्हणजे तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडून बसले असताना शिकवणाऱ्याने वरून गुडघे दाबले होते. दोन महिने मला जिना धड उतरता आला नाही. म्हणून हा फरक मला फार मोठा वाटतो.

मग जुन्या साडीचा काठ तळव्याला अडकवून पाय वर घ्यायचा. हे सुप्त पादांगुष्ठासन. तोच पाय बॅलेसारखा हवेत लहानसा गोल फिरवायचा, श्वास सोडत पोट आत घ्यायचं आणि कंबर जराही हलू द्यायची नाही. ताई कमरेखाली बोटं सरकवून बघायच्या. दिसायला सोपं, पण दहा गोलांत मांडी थरथरते. अंगाचा भार मात्र गुडघ्या-घोट्यांवर येत नाही.

बोरिस क्न्यासेफ या रशियन नृत्यशिक्षकाची हकिगत ताईंनीच सांगितली. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जागामालकाने भिंतीला आधाराचा दांडा लावू दिला नाही, तेव्हा त्यांनी दांड्यावरचे सगळे धडे जमिनीवर झोपून घ्यायला सुरुवात केली, असं सांगतात. पुढे १९६०च्या दशकात न्यूयॉर्कला झेना रोमेट यांनीही जमिनीवरची स्वतःची पद्धत बसवली. आमच्याही समितीने भिंतीला भोक पाडायला मनाई केली होती, आणि आम्ही ती आनंदाने मान्य केली. आता जमीनही मिळत नाही.

घरी करा, असं सांगणाऱ्यांनी एकदा आमची १० बाय १२ची खोली बघावी. आडवी पडून हात पसरले की एक कपाटाला लागतो, दुसरा गॅसच्या ओट्याखाली जातो. आसपासच्या टॉवरमध्ये व्यायामशाळा आहेत, पण त्या तिथल्या रहिवाशांसाठी. आपल्या मुंबईत योगाचं शिक्षण देणारी संस्था १९१८ साली उभी राहिली. त्याच शहरात आम्हाला चटई अंथरायला जागा मिळू नये, याचं मला मनापासून दुःख होतं.

आमच्या आणि मुंबईतल्या इतर हॉलच्या विश्वस्तांना हात जोडून विनंती आहे, साडेसहा ते साडेसात एवढा वेळ द्या. झाडू आम्ही मारू, फरशी आम्ही पुसू, चटया आमच्या आणू. कार्य असेल त्या दिवशी येणार नाही.

— एक शिवणकाम करणारी वाचक, लालबाग, मुंबई