गाढववाला सिम्प्सन

मेलबर्न,
२८ एप्रिल

प्रिय विन्या,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. अँझॅक दिनाचा (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन, २५ एप्रिल) फोटो पाठवला तेव्हा तू फोनवर विचारलंस, "तो गाढवाशेजारी उभा आहे तो पुतळा कुणाचा रे?" ती गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. दोन वाक्यांत सांगितली की हमखास खोटी होते. आणि तू इतिहासाचा मास्तर, अर्धवट सांगितलेलं तुला चालत नाही.

त्याचं नाव जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक. आपल्याकडे पोराटोरांना बाजीप्रभू माहीत असतो तसा इथे हा. शाळेतली गोष्ट अशी : पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत एक दयाळू ऑस्ट्रेलियन तरुण भर गोळीबारात जखमींना गाढवावर घालून किनाऱ्यावर आणायचा, त्याने ३०० जणांचे प्राण वाचवले आणि शेवटी स्वतःचा दिला. यातल्या 'ऑस्ट्रेलियन' या शब्दापासूनच घोळ सुरू होतो.

तो मूळचा इंग्लंडचा. ईशान्य किनाऱ्यावरच्या साउथ शील्ड्समध्ये १८९२ साली जन्मलेला. लहानपणी उन्हाळ्यात तो तिथल्या वाळूवर हौशी मंडळींना गाढवावरून फिरवून आणायचा. म्हणजे गाढव हाकणं हे युद्धात अचानक सुचलेलं काही नव्हतं. वडील गेल्यावर १९०९ मध्ये तो बोटीवर लागला आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदरात बोट सोडून चक्क पळाला. मग चार वर्षं मिळेल ते काम : क्वीन्सलंडात ऊसतोड, गुरं हाकणं, कोळशाच्या खाणी, बोटींवर भट्टीत कोळसा टाकणं. आईला मात्र न चुकता पत्रं आणि पैसे. त्या पत्रांत मारामाऱ्यांच्या फुशारक्या आहेत, आणि एका पत्रात तर त्याने म्हटलंय की इंग्लंडात एकदा चांगली क्रांती होऊन हे लक्षाधीश, लॉर्ड आणि ड्यूक झाडून काढले पाहिजेत. शाळेच्या पुस्तकात हे पत्र येत नाही, हे सांगायला नकोच.

ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रीमँटलला बोटीवरून उतरून तो सैन्यात भरती झाला. नाव लावलं नुसतं 'जॉन सिम्प्सन', कर्कपॅट्रिक गाळून; बोट सोडून पळालेला होता, बहुधा म्हणूनच. सैन्यात गेलं की फुकटात इंग्लंड गाठता येईल, आई भेटेल, असा त्याचा हिशेब असावा. हिशेब फसला. या सैनिकांना मध्येच इजिप्तला उतरवलं आणि तिथून डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीच्या, म्हणजे गॅलिपोलीच्याच, मोहिमेवर धाडलं. त्याची नेमणूक होती तिसऱ्या फील्ड अँब्युलन्समध्ये, जखमी वाहून आणणाऱ्यांत.

आता ती जागा डोळ्यांसमोर आण. २५ एप्रिल १९१५ ला पहाटे हे लोक अँझॅक कोव्हला उतरले. चिंचोळा किनारा आणि लगेच अंगावर येणारे मातीचे कडे. किनाऱ्यावरून वर चढणारी एकच मोठी घळ, श्रापनेल गली. पुढे तिलाच मोनॅश व्हॅली म्हणत. घळीच्या डोक्याशी क्विन्स पोस्ट, कोर्टनीज पोस्ट अशी ठाणी, जिथे तुर्कांचे खंदक काही ठिकाणी दगड फेकला तर पोचेल इतके जवळ. वरून नेमबाजांना घळीतली वाट अर्धीअधिक उघडी दिसायची. पाणी आणि दारूगोळा याच वाटेने वर जायचा आणि जखमी याच वाटेने खाली यायचे. एका स्ट्रेचरला निदान दोन माणसं लागतात, अशा चढउतारावर चार. एक जखमी खाली पोचवून परत वर येईपर्यंत ही माणसं थकून जात. तुझ्या वर्गात बोअर युद्धाचा धडा येतो ना, गांधीजींची अँब्युलन्स तुकडी? तीच ही हमाली.

सिम्प्सनला तिथे एक गाढव सापडलं. त्याच्या डोक्याला त्याने रेड क्रॉसची पट्टी बांधली, आणि पायाला गोळी लागलेल्या पण बसू शकणाऱ्या माणसाला त्यावर बसवून, एका हाताने सावरत तो खाली आणू लागला. वर जाताना रिकामं कशाला जायचं, म्हणून गाढवावर पाणी. (गाढव आणि पाणी म्हटलं की आपल्याला नाथमहाराज आठवतात. तिथे तहानलेल्या गाढवाला गंगा पाजली, इथे गाढवच तहानलेल्यांकडे निघालेलं.) गाढवाचं नाव कुणी मर्फी सांगतं, कुणी डफी, कुणी अब्दुल, गाढवं बहुधा एकाहून जास्त होती. आपल्या तुकडीत हजेरी द्यायलाही तो जात नसे. वरिष्ठांनी काणाडोळा केला, कारण काम होत होतं.

आणि राहायचा कुठे, तर आपल्या लोकांत! एकविसाव्या कोहाट माउंटन बॅटरीची (हिंदी सैन्यातल्या डोंगरी तोफखान्याची) खेचरं जिथे बांधलेली असत तिथे त्याने मुक्काम टाकला. जनावरांची सोय, वैरण आणि जनावरांशी बोलणारी माणसं, असं सगळं एका जागी. त्या बॅटरीतल्या हिंदी सैनिकांनी त्याचं नाव ठेवलं 'बहादूर'. गॅलिपोलीत हिंदुस्थानातून गेलेले पंधरा-सोळा हजार लोक होते : शीख, गुरखे, पंजाबी मुसलमान तोफची, आणि अंधारात खेचरांवरून पाणी-दारूगोळा पोचवणारे खेचरवाले. आपले मराठे तेव्हा मेसोपोटेमियात लढत होते, म्हणून आपल्याकडे गॅलिपोली फारसं कुणाला ठाऊक नाही. पण सिम्प्सनच्या गोष्टीतून हे खेचरवाले असे गायब का व्हावेत? मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

१९ मे १९१५. त्या पहाटे चाळीस हजारांवर तुर्की सैनिकांनी एकदम हल्ला चढवला. काही तासांत त्यांचे तीन हजार पडले. प्रेतं इतकी कुजू लागली, की २४ तारखेला दोन्ही बाजूंनी दिवसभर लढाई थांबवून ती पुरली. एकोणिसाच्याच सकाळी मोनॅश व्हॅलीत मशीनगनची गोळी लागून सिम्प्सन गेला. वय २२. म्हणजे सगळा मिळून साडेतीन आठवड्यांचा खेळ. किनाऱ्याच्या टोकाला हेल स्पिटजवळ त्याला पुरलं.

मग खरी गंमत सुरू होते. काही महिन्यांत वर्तमानपत्रांनी त्याला उचललं, कारण सैन्यभरतीला असाच कुणीतरी हवा होता. बोट सोडून पळालेला, क्रांतीची भाषा करणारा मजूर धुऊनपुसून साम्राज्याचा आज्ञाधारक शिपाई झाला. त्यालाच पुढे करून लोकांना भरतीला बोलावलं. सक्तीची भरती मात्र ऑस्ट्रेलियन मतदारांनी १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा फेटाळली. सिम्प्सन जिवंत असता तर त्याने कुठे मत टाकलं असतं, याची मला फारशी शंका नाही.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक द्यावं म्हणून इथे वर्षानुवर्षं मोहीम चालली. २०१३ मध्ये एका सरकारी चौकशीने नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, त्याचं शौर्य खरं, पण ते त्याच्या तुकडीतल्या बाकीच्या स्ट्रेचरवाल्यांसारखंच होतं. लोक चिडले. मला तो निकाल पटतो. ३०० चा आकडा नंतर चिकटलेला आहे, आणि पोटात गोळी लागलेला माणूस गाढवावर बसूच शकत नाही. त्याला खाली आणणारे चौघे कोण होते ते कुणी विचारत नाही. सिम्प्सन यामुळे लहान होत नाही. ज्याच्या नावाची ती घळ, त्या कर्नल मोनॅशने स्वतः त्याच्याबद्दल कौतुकाने लिहून ठेवलंय, आणि ते वाचताना डोळे भरून येतात.

सोबत एका चित्राची प्रत ठेवली आहे : गाढवावर जखमी, शेजारी टोपीवाला तरुण. होरेस मूर-जोन्स या न्यूझीलंडच्या चित्रकाराने एका फोटोवरून काढलेलं, सिम्प्सनचं म्हणून जगभर गेलेलं. त्या फोटोतला माणूस सिम्प्सन नाहीच! तो न्यूझीलंडचा एक शाळामास्तर, रिचर्ड हेंडरसन. सिम्प्सननंतर त्यानेही गाढवावरून जखमी आणले, पुढे फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मिलिटरी मेडल मिळवलं, विषारी वायूने डोळे अधू झाले, आणि १९५८ पर्यंत जगला. वर्गात चित्र दाखवणार असलास तर खाली त्याचं नाव घाल. मास्तर आहे, तुझ्याच जातकुळीचा.

डिसेंबरात येतोय. काकूंना नमस्कार सांग, आणि तुझ्या पोरांनी काय काय विचारलं ते सविस्तर कळव.

तुझा,
जयंत