अण्णांच्या शनिवारसाठी आवाहन

सर्व सभासद बंधू-भगिनींना स. न. वि. वि.

वाचनालयात भरणारी पार्किन्सनच्या रुग्णांची शनिवारची बैठक पुन्हा सुरू करायची आहे, त्यासाठीचे हे पत्र खरे तर महिन्यापूर्वीच निघायला हवे होते. वार्षिक अहवाल, अनुदानाचे कागद आणि वरच्या खोलीची गळती यांत राहून गेले. आता ११ एप्रिल, म्हणजे जागतिक पार्किन्सन दिन, तोंडावर आला आणि अध्यक्षांनी ‘आज रात्री मजकूर हातात पाहिजे’ असे बजावले, म्हणून बसलो आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपले ग्रंथपाल अण्णा गेल्या श्रावणात गेले. कोण अण्णा, हे आपल्या सभासदांना सांगायला नको. कुठल्याही कार्यक्रमात आभार मानायला उठले तरी सुरुवात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून करणारे, आणि पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला तर आमदारालाही सोडणार नाहीत असे अण्णा. त्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षे काढली. शिव्याही खाल्ल्या.

२००५ च्या पुरानंतरची गोष्ट जुन्यांना आठवत असेल. खालच्या दालनात गाळ, भिजलेली पुस्तके फुगून कपाटांत घट्ट बसलेली, आणि असा वास की आम्ही सगळे नाकाला रुमाल बांधून दर दहा मिनिटांनी बाहेर पळत होतो. अण्णा मात्र मधोमध पाट टाकून दिवसभर एकेक पान सोडवत बसले. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्ही सत्कार केला, नारळ दिला. त्याच वर्षी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यावर उभे राहूनही ‘वास कसला येतोय?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही हसलो होतो. वास जाणे हे पार्किन्सनचे, म्हणजे अण्णांना पुढे निघालेल्या आजाराचे, हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधीचे लक्षण असू शकते, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांनी सांगितले. निष्ठा होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण नाकही गेले होते.

दुसरी खूण आपल्या दाखल नोंदवहीत आहे. कुणीही येऊन पाहावी. जुन्या वह्यांत अण्णांचे अक्षर टपोरे, एका ओळीत एक पुस्तक कसेबसे मावते. मग ते बारीक होत जाते. ओळ सुरू होते तेव्हा बरे असते, किमतीच्या रकान्यापर्यंत पोचते तेव्हा मुंगी. आम्हाला वाटले, कागद वाचवताहेत. अण्णांचा काटकसरीपणा माहीत असल्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. शेवटी उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलू लागले, तेव्हा काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेले.

या आजाराला आपल्याकडे कंपवात म्हणतात, पण काही जणांचा हात कधी थरथरतही नाही. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात, मग हालचाल मंदावते, अंग ताठरते, आवाज खाली जातो, चेहरा हलत नाही. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने त्याचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले. ११ एप्रिल हा त्याचा जन्मदिवस. पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही. लेव्होडोपाच्या गोळीने मात्र माणूस चालता-बोलता राहतो, फक्त वेळ चुकवायची नाही. देवघेवीच्या टेबलावरचे घड्याळ अण्णांनी पाच मिनिटे पुढे ठेवले होते ते गोळीसाठी. वाचनालय उशिरा बंद होऊ नये म्हणून नव्हे, ही माहिती तक्रारवहीत लिहिणाऱ्यांसाठी.

तक्रारवहीचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो. ‘ग्रंथपाल दारात वाट अडवून उभे राहतात.’ ‘हल्ली ओळख देत नाहीत, हसत नाहीत.’ ‘पुस्तक द्यायला फार वेळ लावतात.’ ही तिन्ही वाक्ये वहीत आहेत आणि सह्या ओळखीच्या आहेत. अण्णा उंबरठ्याशी उभे राहत कारण त्यांचे पाय फरशीला चिकटत. हसत नसत कारण चेहऱ्याचे स्नायू ऐकत नसत. आत सगळे पूर्वीसारखेच होते, उलट खवचटपणा वाढला होता. मागून ढकलले किंवा हात धरून ओढले तर ते पडायचे. मग आपल्या शिपाईमामांनी फरशीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची म्हटली की पाय उचलायचा! फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, हेच आम्ही शिकवतो. मामांना हे कुणी शिकवले नव्हते.

त्या पट्ट्यांमुळेच शनिवारची बैठक सुरू झाली. हरिपूरचे एक निवृत्त मास्तर, वखारभागातल्या एक आजी, मिरजेहून एसटीने येणारे एक तबलजी, आणि अण्णा. चौघे टाळीच्या ठेक्यावर दालनात चालायचे, मग मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे, आवाज उघडावा म्हणून. तबलजींचा डावा हात ऐकत नसे, पण तोंडाने बोल म्हणत ते असे चालायचे की बाकीच्यांचे पाय आपोआप पडत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले (धोक्याची पातळी ४५), त्यानंतर बैठक वरच्या खोलीत गेली, आणि जिना चढता येईना म्हणून एकेक जण गळाला. अण्णा शेवटपर्यंत यायचे. शेवटच्या वर्धापनदिनी बोलायला उभे राहिले, १८४३ पर्यंत आले, पुढचे तिसऱ्या रांगेला ऐकू गेले नाही. माइक नव्हता. ही चूक माझी.

देणाऱ्यांनी आपल्याला कधी कमी केले नाही, हेही लिहिले पाहिजे. २००५ साली मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने भोपळे ठेवायचा माळा रिकामा करून आपली ओली पुस्तके महिनाभर वाळत घातली; भाडे विचारले तर रागावले. मार्केट यार्डातल्या हमालबांधवांनी कपाटे फुकट वाहिली. भडंगवाले शेठ दर वर्धापनदिनाला पोते पाठवतात, नाव छापू देत नाहीत. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पहिली पेन्शन दिली. एक ताई दरमहा एक्कावन्न रुपये स्वतः चालत येऊन देतात आणि पावती मागून घेतात, हे विशेष. आणि काकूंनी अण्णांची हातांची खुर्ची दिली आहे. ती खालच्या दालनात ठेवली आहे, बसण्यासाठी, हार घालण्यासाठी नव्हे.

दिवाळीत हेच आवाहन फलकावर लावले होते. तेवीस जणांनी प्रतिसाद दिला. डॉल्बीच्या वर्गणीला वाचनालयाच्याच गल्लीत एका संध्याकाळी किती जमले ते मी इथे लिहीत नाही.

तर मागणे असे. शनिवारची बैठक खालच्या दालनात पुन्हा सुरू करायची आहे. दोन्ही भिंतींना कठडे, पायऱ्यांऐवजी उतार, घसरणार नाही अशी फरशी, हातांच्या आणखी अकरा खुर्च्या, एक साधा माइक, फिजिओथेरपिस्टचे वर्षाचे मानधन, पूर आला तर उचलता येईल असेच सामान. अंदाज १ लाख ८५ हजार, जमा ४१ हजार. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे, खजिनदार सायंकाळी ५ ते ८, सोमवारी बंद. करसवलत मिळत नाही, आधीच सांगतो. पैसे नसतील तर शनिवारी दोन तास द्या, रुग्णाला गाडीवरून आणून सोडा, गवंडी ओळखीचा असेल तर पाठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. प्रमाणपत्राचे अर्ज भरून द्यायला दोन तरुण सभासद बसतील, तिसरा हवा आहे. घरात असे कुणी असेल तर लपवू नका, घेऊन या. चहा आहे.

आपला,
चिटणीस (कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. अण्णांच्या हातच्या शेवटच्या नोंदीतले पुस्तक अजून परत आलेले नाही. सभासदाचे नाव भिंगातूनही लागत नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावे, दंड माफ.