सुमे, तक्ता लाल झालाय

प्रिय सुमे,

तुझ्या दिवाळीच्या पत्राचं उत्तर राहिलं ते राहिलंच. रागावली असशील, म्हणून नमनाला घडाभर तेल घालत नाही. इकडे सगळे ठीक. गुडघा आहे तसाच.

तर ऐक. तीव्र कुपोषित मुलांच्या वॉर्डासाठी नवा तक्ता आलाय. रोज वजन लिहायचं आणि आदल्या दिवसापेक्षा कमी भरलं की चौकोन लाल करायचा. तीन लाल झाले की सिस्टरनं लेखी खुलासा द्यायचा! आता सुजेचं मूल आलं तर? पायावर अंगठा दाबला की खड्डा राहतोय, गाल फुगलेत, आजी म्हणतेय बाळसं धरलंय. त्याची सूज उतरणार म्हणजे अंगातलं पाणी जाणार, वजन घटणारच. तोच तर गुण! पण या तक्त्यात उपचार बरोबर चाललेला वॉर्ड लालेलाल दिसणार आणि चुकलेला हिरवागार.

लालची धास्ती बसली की सिस्टर वाटी वाढवते. ६ किलोच्या मुलाला एफ-७५ (सुरुवातीचं हलकं दूध, १०० मिलीला ७५ उष्मांक) किलोमागे १३० मिली, म्हणजे दिवसाला ७८०. दर दोन तासांनी ६५ मिली, रात्रीसुद्धा. अंगभर सूज असेल तर किलोमागे १००च, म्हणजे वेळेला ५०. हे सोडून "खाऊ दे बिचाऱ्याला" म्हणून पहिल्याच दिवशी एफ-१०० (नंतर द्यायचं दाट दूध, १०० मिलीला १०० उष्मांक) नाहीतर अंडं. उपाशी शरीरात एकदम एवढं अन्न पडलं की इन्सुलिन उसळतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं. दुबळ्या हृदयाला ते झेपत नाही. मूल धापा टाकू लागतं आणि सगळे न्यूमोनिया म्हणून मोकळे होतात. एफ-१०० वर नेतानाही पहिले दोन दिवस मात्रा तेवढीच ठेवायची. नाडी मिनिटाला २५ नं आणि श्वास ५ नं वाढून तसेच टिकले तर लगेच कमी करायची. हे दोन आकडे लिहायला तक्त्यात जागाच नाही. पालकांच्या सहीला मात्र दोन ओळी आहेत.

अंड्यावर तू नाक मुरडशीलच. मेसमध्ये उसळीच्या वाटीवरून मांडलेलं ते भांडण मी अजून सोडलेलं नाही. पोषणावर काम केलेले संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे म्हणायचे की आपल्याकडे मूळ तुटवडा उष्मांकांचा. तू प्रोटीनवाली, मी सुखात्म्यांची. पण पहिल्या आठवड्यापुरती तरी हार मान. एफ-७५ मध्ये १०० मिलीला प्रोटीन जेमतेम ०.९ ग्रॅम, तेही मुद्दाम. यकृत तेवढंच पेलतं. लोहाचंही तसंच, वजन वाढायला लागेपर्यंत थेंब नाही.

आणि ते पाणी! घरच्या दुधाचं एफ-७५ करताना गाईचं दूध ३०० मिली, साखर ७० ग्रॅम, धान्याचं पीठ ३५ ग्रॅम, तेल २० मिली, क्षारमिश्रण २० मिली आणि पाणी घालून *एकूण* एक लिटर. तक्त्याच्या मागे छापलंय "पाणी १ लिटर". तसं केलं की १०० मिलीमागच्या ७५ उष्मांकांचे पंचावन्नच्या आसपास उरतात. देवधर बाई असत्या तर छापणाऱ्यालाच पीठ शिजवायला बसवलं असतं.

मी सुचवणार आहे ते असं. सुजेचा वेगळा रकाना हवा, सूज किती त्याप्रमाणे एक अधिक (+) ते तीन अधिक (+++). वाढ मोजायची ती सूज उतरल्यावरच्या सगळ्यात कमी वजनापासून. तिथून रोज किलोमागे १० ग्रॅमच्या वर वाढ म्हणजे उत्तम, ५ च्या खाली म्हणजे काहीतरी चुकतंय. लाल रंग तिथे लावा की! घरी सोडायचं ते १५ टक्के वाढीवर. ६ किलोचं मूल ५.४ वर उतरलं तर ६.२ ला सुट्टी. भरतीच्या वजनावर मोजलं तर ६.९ होईपर्यंत अडकवून ठेवणार, आणि तोवर ऊसतोडीची टोळी निघाली की आई मुलाला उचलून चालती होते. मग रजिस्टरात शेरा पडतो, "पालकांचं असहकार्य".

इकडे कुणाशी बोलावं तर म्हणतात, वजन कमी होणं चांगलं कसं असेल? म्हणून तुझ्यापुढे हा फाफटपसारा. मेळघाटात धारणीला असताना तू हातानं आखलेला तक्ता अजून असेल तर फोटो काढून पाठव. शुक्रवारी अभिप्राय द्यायचाय.

सोनूची बारावी कशी गेली? नाशिकचं घर विकलंत की नलूच्या नवऱ्यानं अजून घोळ घालून ठेवलाय? सासूबाईंना नमस्कार सांग. फोटो गुरुवारच्या आत.

तुझी,
मंगी